टर्बो इंजिनचे कॉम्प्रेशन : आकडा एक, अर्थ अनेक

अहिल्यानगर : वापरलेली टर्बो मोटार विकत घेताना, विशेषतः तिच्या इंजिनात फेरफार केलेले असतील तेव्हा, जाणकार ग्राहक कॉम्प्रेशन टेस्टची चिठ्ठी मागतो. चिठ्ठीवर चार आकडे असतात आणि त्यांच्या आधारे काही लाखांचा व्यवहार ठरतो. आता मुंबईच्या गॅरेजात चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन १७० भरले अशी नोंद असलेली गाडी नगरला आणली, खात्रीसाठी येथील मेकॅनिककडे पुन्हा मोजली आणि काटा १५७ वर थांबला, अशी कल्पना करावी. घेणाऱ्याला फसवणूक झाल्यासारखे वाटेल. विकणारा चिठ्ठी दाखवून शपथ घेईल. मेकॅनिक ‘इंजिन बसत चालले आहे’ असा शेरा मारील. प्रत्यक्षात तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल आणि इंजिनही ठणठणीत असेल.

नगरला इंजिन ही नवलाईची वस्तू नाही. कायनेटिक इंजिनीअरिंगची लुना १९७२ मध्ये याच शहरातून देशभर गेली. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच व्हीआरडीई, शहराच्या वेशीवरच आहे. औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग घडवणारे कारखाने आहेत. तरीही कॉम्प्रेशनच्या आकड्याबाबत गॅरेजात आणि ग्राहकांत जो समज रूढ आहे, तो जुन्या साध्या इंजिनांच्या काळातला आहे. टर्बो बसवलेल्या आणि वर फेरफार केलेल्या इंजिनाला तो लावला, की चांगले इंजिन उघडले जाते आणि मोडकळीला आलेले खपून जाते.

काटा नेमके काय मोजतो?

चाचणीचे तत्त्व सोपे आहे. प्लग काढून त्या जागी दाबमापक, म्हणजे गेज, बसवायचे, स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि पिस्टन वर येताना कोंडलेली हवा किती दाबली जाते ते पाहायचे. पिस्टनच्या रिंगा, दोन्ही व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांनी हवा धरून ठेवली तर काटा वर जातो. कोठे गळती असली तर खाली राहतो. आपल्याकडे हा दाब पौंड प्रतिचौरस इंच, म्हणजे पीएसआयमध्ये किंवा गॅरेजच्या बोलीत ‘किलो’मध्ये सांगतात. १५० पीएसआय म्हणजे साधारण साडेदहा किलो.

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. टर्बो आहे म्हणजे कॉम्प्रेशन जास्त भरले पाहिजे, असे अनेकांना वाटते. टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूच्या जोरावर. चाचणीच्या वेळी इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद असतात आणि इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे घेत असते. टर्बो त्या वेळी निव्वळ वाटेत उभा असतो. हवेत भर घालण्याचे कोणतेही काम तो करत नाही. उलट टर्बो पुढे जादा हवा कोंबणार हे गृहीत धरून अनेक टर्बो पेट्रोल इंजिनांचे मूळ कॉम्प्रेशन गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवलेले असते. जुन्या पिढीत ते साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान असे. सिलिंडरात थेट इंधन फवारणाऱ्या अलीकडच्या इंजिनांत ते दहाच्या पुढे गेले आहे. त्यामुळे टर्बो नसलेल्या शेजारच्या गाडीत १९० भरले आणि आपल्या टर्बो गाडीत १५५, यात आपल्या इंजिनचा काही दोष नसतो.

गुणोत्तर नऊ म्हणजे दाब नऊपट, हा हिशेबही चुकीचा आहे. तसे असते तर समुद्रसपाटीवर काटा ११८ च्या आसपास थांबला असता. हवा झपाट्याने दाबली की तापते आणि तापलेली हवा अधिक दाब देते. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बराच वर जातो. किती वर, हे इंजिन किती वेगाने फिरले, भिंती किती तापलेल्या होत्या आणि हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह कधी मिटला यांवर अवलंबून राहते.

कंपनीचा तक्ता केव्हा लागू पडत नाही

इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याची हीच वेळ फेरफार केलेल्या इंजिनात सर्वाधिक घोटाळा करते. शक्ती वाढवण्यासाठी कॅमशाफ्ट बदलला जातो. नवा कॅम हा व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा ठेवतो. पिस्टन तळ गाठून वर येऊ लागला तरी तो उघडाच असतो. सहा हजार फेऱ्यांवर आत शिरणाऱ्या हवेला इतका वेग असतो, की ती तरीही आत येत राहते आणि इंजिन उत्तम श्वास घेते. स्टार्टरच्या दोनशे फेऱ्यांवर तो वेग नसतो. पिस्टन तीच हवा परत बाहेर लोटतो. परिणामी नवे कोरे, काळजीपूर्वक बांधलेले इंजिन कंपनीच्या तक्त्यापेक्षा वीस-पंचवीस पीएसआय कमी दाखवू शकते.

जाड हेड गॅस्केट किंवा खोलगट माथ्याचे पिस्टन बसवले असतील तरी आकडा उतरतो, कारण गुणोत्तरच कमी केलेले असते. घडीव, म्हणजे फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर अधिक फुगतात, म्हणून बसवताना त्यांच्याभोवती जास्त फट ठेवावी लागते. अशा इंजिनची थंड अवस्थेत चाचणी केली तर ते झिजलेले वाटते. नव्या रिंगा भिंतीला बसायला काही शे किलोमीटर लागतात. तोवरचा आकडाही हंगामीच समजावा. याउलट काजळीचा जाड थर साचला की हवेची जागा आक्रसते आणि झिजलेल्या इंजिनचा आकडाही ऐटदार दिसतो. जुन्या गाडीचे कॉम्प्रेशन ‘नव्यापेक्षाही चांगले’ असल्याची फुशारकी ऐकू आली तर कौतुकाआधी शंका घ्यावी.

केवळ रिमॅपिंग केलेल्या गाडीची, म्हणजे इंजिनच्या संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवलेल्या गाडीची, गोष्ट वेगळी आहे. तिथे आतले सुटे भाग मूळचेच असतात, म्हणून कंपनीचा तक्ता लागू पडतो. आपल्याकडे टर्बो पेट्रोल गाडीचा षोक २००४ च्या सुमारास आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसने रुजवला आणि २०१३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयने तो मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणला. या जातीच्या बहुतेक फेरफारी गाड्या रिमॅपिंगवरच थांबलेल्या असतात. म्हणून चाचणीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न ‘किती भरले’ हा नसून ‘आत काय बदलले’ हा आहे. त्याचे उत्तर बिलांसह मिळत नसेल, तर कोणत्याही आकड्याची तुलना कशाशी करायची हेच ठरत नाही.

तेरा पीएसआय कोठे गेले?

आता सुरुवातीच्या गाडीकडे वळता येईल. मुंबई समुद्राकाठी, तर नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब किनाऱ्याच्या तुलनेत साडेसात टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरात मुळात विरळ हवा शिरते, म्हणून दाबल्यावरही ती तेवढ्याच प्रमाणात कमी दाब देते. हिशेब मांडून पाहावा. मुंबईत गेज १७० दाखवते त्या वेळी सिलिंडरातील एकूण दाब वातावरणाचे १४.७ धरून १८४.७ असतो. नगरला तो साडेसात टक्के घटून सुमारे १७१ होतो. त्यातून येथील वातावरणाचा १३.६ वजा केला की उरतात १५७. चोरी कोणीच केलेली नाही. तेरा पीएसआय घाट चढतानाच सुटले.

कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तिकांतील किमान मर्यादेला नगरमध्ये हीच कात्री लावावी लागते. पुस्तिकेत किमान १६० लिहिले असेल आणि ती मर्यादा समुद्रसपाटीची असेल, तर येथे १४८ पर्यंतचे वाचन स्वीकारार्ह आहे. १५२, १५५, १५०, १५३ अशी चिठ्ठी पाहून ‘चारही सिलिंडर गेले’ असा निकाल दिला गेला, तर एका निरोगी इंजिनची चिरफाड होईल.

टर्बोचा जन्मच खरे तर या विरळ हवेवर मात करण्याच्या गरजेशी जोडलेला आहे. विमाने उंच जाऊ लागली तशी इंजिनांची शक्ती घटू लागली आणि टर्बोला महत्त्व आले. व्हीआरडीईने ‘तापस’ या वैमानिकरहित विमानासाठी १८० अश्वशक्तीच्या इंजिनचे काम हाती घेतले, त्यामागेही उंचीवर शक्ती टिकवण्याची हीच निकड होती. रस्त्यावरच्या गाडीत धावताना टर्बो ही तूट भरून काढतो. म्हणूनच नगरला येऊनही टर्बो गाडी मलूल वाटत नाही. चाचणीत मात्र टर्बो गैरहजर असल्याने उंचीचा फरक जसाच्या तसा काट्यावर उमटतो.

चाचणीची शिस्त

एका सिलिंडरचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहायचा असेल, तर चारही मोजमापे एकाच परिस्थितीत व्हायला हवीत. इंजिन नेहमीच्या तापमानाला आलेले असावे, बॅटरी पूर्ण भारित असावी आणि सर्वच्या सर्व प्लग काढलेले असावेत. एकच प्लग काढून बाकीचे तसेच ठेवले की स्टार्टरवर ताण येऊन वेग पडतो. इंधनपंपाचा फ्यूज आणि कॉइलची जोडणी काढावी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा, अन्यथा हवा येण्याचा मार्गच बंद राहतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत नुसते पायडल दाबल्याने तो उघडेलच असे नाही. डोळ्यांनी पाहून खात्री करावी. प्रत्येक सिलिंडरला समान धक्के, सहसा पाच-सहा, द्यावेत आणि शेवटच्या आकड्याबरोबर पहिल्या धक्क्याचाही आकडा लिहावा.

पहिल्या धक्क्याचा आकडा फार थोडे जण लिहितात. निरोगी सिलिंडर पहिल्याच धक्क्याला शेवटच्या आकड्याच्या निम्म्याहून पुढे झेप घेतो. झिजलेल्या रिंगांचा सिलिंडर पायरी पायरीने चढतो आणि अखेरीस बरा आकडा गाठतोही. जळालेल्या व्हॉल्व्हचा सिलिंडर सुरुवातीलाही कमी आणि शेवटीही कमीच राहतो. फक्त अंतिम आकडा लिहिलेल्या चिठ्ठीतून ही सगळी हकिगत गळून पडते.

चौघांतला एक

सर्व सिलिंडर सारख्याच प्रमाणात कमी असतील तर घाबरण्याआधी साधी कारणे तपासावीत : अशक्त बॅटरी, अर्धवट उघडा थ्रॉटल, सदोष गेज, उंची, बदललेला कॅम, दात चुकलेला टायमिंग बेल्ट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी खाली आले असतील तर दोघांच्या मधल्या हेड गॅस्केटवर बोट ठेवावे. खरी परीक्षा असते ती एकच सिलिंडर मागे पडतो तेव्हा.

उदाहरणादाखल १६५, १६३, १२८, १६६ असे वाचन घेऊ. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांहून खाली नसावा, असा एक नियम अनेक पुस्तिकांत आढळतो. १६६ चे ७५ टक्के म्हणजे साडेचोवीस वर शंभर. तिसरा सिलिंडर १२८ वर आहे, म्हणून तो ‘पास’ होतो! ही पळवाट रोजच्या वापराच्या गाडीला कदाचित चालेल. टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनात ती चालू देऊ नये. तिथे चौघांतील तफावत दहा टक्क्यांच्या आत असावी, हा कडक निकषच योग्य ठरतो. कारण सरळ आहे : संगणक चारही सिलिंडरांना जवळपास सारखेच इंधन आणि सारखाच ठिणगीचा क्षण देतो. त्यातला एक दुबळा असेल तर वाढीव दाबाखाली सर्वांत आधी तोच कोसळतो आणि इतरांनाही घेऊन जातो.

तेलाच्या चमच्याची खुबी

मागे पडलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायची रीत जुनी आहे. तेल रिंगांची फट तात्पुरती बुजवते. आकडा एकदम वधारला तर दोष रिंगांत, न वधारला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये, असा तिचा अर्थ लावतात. अर्थ बरोबर आहे, पण अपुरा आहे.

चार सिलिंडरांच्या १८०० सीसी इंजिनात प्रत्येक सिलिंडर ४५० सीसीचा असतो. गुणोत्तर दहा असेल तर पिस्टन माथ्यावर आल्यावर वर उरणारी जागा अवघी ५० सीसी. तिथे पाच मिलिलिटर तेल पडले की जागा ४५ वर येते आणि गुणोत्तर दहाचे अकरा होते. म्हणजे कोणतीही गळती बुजली नाही तरी आकडा दहा-बारा टक्क्यांनी चढतो. वरच्या उदाहरणातील तिसरा सिलिंडर तेलानंतर १२८ वरून १४० वर गेला, तर ‘सुधारला, म्हणजे रिंगा गेल्या’ असा निष्कर्ष निघेल आणि तो साफ चुकेल. ती वाढ निव्वळ तेलाने व्यापलेल्या जागेची आहे. म्हणून एका निरोगी सिलिंडरातही तेवढेच तेल घालून मोजावे. निरोगी १६५ वरून १८० वर गेला आणि आजारी १२८ वरून १६८ वर, तर रिंगांवर ठपका ठेवता येतो.

वाकलेला रॉड

यापुढची पायरी लीक-डाउन चाचणीची. पिस्टन माथ्यावर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरात सोडायची आणि त्यातली किती टक्के निसटते ते मोजायचे. यात स्टार्टर, बॅटरी, कॅम, उंची यांचा संबंध उरत नाही. म्हणूनच फेरफार केलेल्या इंजिनसाठी हीच चाचणी अधिक विश्वासार्ह आहे. दहा टक्क्यांपर्यंतची गळती चांगली, वीसपर्यंत लक्ष ठेवण्याजोगी आणि तीसच्या पुढे इंजिन उघडण्याजोगी, असा ढोबळ संकेत आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हवा कोठून निसटते ते कानांनी कळते. हवेच्या फिल्टरकडे फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडे आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा तडकलेला पिस्टन आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. टर्बो गाडीत सायलेन्सरच्या टोकाशी येणारा आवाज टर्बोच्या चाकातून गाळून येतो, म्हणून शक्य असेल तर टर्बोच्या अलीकडेच कान द्यावा.

दोन्ही चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा प्रकरण खरे रंगते. समजा, १६०, १४४, १६१, १५९ असे कॉम्प्रेशन आहे. दुसरा सिलिंडर दहा टक्के मागे आहे. तेल घालून इतरांइतकीच वाढ होते. लीक-डाउनमध्ये चारही सिलिंडर सारखेच, सात-आठ टक्क्यांवर. गळती नाही, तरीही दाब कमी. अनेक ठिकाणी येथे खांदे उडवून गाडी परत दिली जाईल. जाणकार मात्र कनेक्टिंग रॉडचा संशय घेईल. रॉड किंचित वाकला की तो आखूड होतो आणि पिस्टन पूर्ण वर येत नाही. पिस्टनचा प्रवास ८५ मिलिमीटर आणि गुणोत्तर दहा असेल, तर पिस्टन फक्त एक मिलिमीटर खाली राहिल्याने गुणोत्तर ९.१ च्या आसपास येते आणि काट्यावर नेमकी दहा टक्क्यांची घट दिसते. प्लगच्या छिद्रातून बारीक दांडी सोडून चारही पिस्टन माथ्यावर असतानाची उंची मोजली, की इंजिन न उघडता खात्री करता येते. कॅमचा एखादा उंचवटा झिजला असेल तरी असाच विसंगत निकाल येतो, तेव्हा तीही शक्यता पडताळावी लागते.

रॉड वाकतो कसा? रिमॅपिंग करणाऱ्याने कमी फेऱ्यांवरच भरमसाट टॉर्क मागितलेला असतो. चढावर वरच्या गिअरमध्ये दीड-दोन हजार फेऱ्यांवर चालकाने पाय पूर्ण दाबला, की टर्बो दाब देतो, पण पिस्टन संथ असतो. अशा वेळी ठिणगीआधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो आणि त्या एकाच ठोक्यात रॉड वाकू शकतो किंवा पिस्टनच्या दोन रिंगांमधला कठडा तडकू शकतो. गाडी त्यानंतरही धावत राहते.

काट्याला न दिसणारे

तडकलेला पण अद्याप न तुटलेला कठडा कॉम्प्रेशन चाचणीत अनेकदा निसटतो. झिजलेली बेअरिंगे आणि टर्बोचा सैल झालेला दांडा तर त्या चाचणीच्या कक्षेतच येत नाहीत. चाचणीत सिलिंडरावर दहा-अकरा बार दाब येतो; टर्बो पूर्ण भरात असताना जळणाऱ्या मिश्रणाचा दाब ऐंशी-शंभर बारवर जातो. हेड गॅस्केट दहा बारला इमानाने टिकते आणि शंभर बारला क्षणभर उचलले जाते, असेही घडते. त्याची खूण कूलंटच्या टाकीत सापडते : जोरात चालवल्यावर पाणी बाहेर येणे, नळ्या दगडासारख्या टणक होणे. कूलंटमध्ये जळलेले वायू मिसळले आहेत का, हे रंग बदलणाऱ्या रसायनाने तपासता येते आणि ती चाचणी स्वस्त आहे.

काढलेले प्लगही वाचावेत. त्यांच्या पांढऱ्या चिनी मातीवर चमचमणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असू शकते. आत नॉकिंग होत असल्याची ती साक्ष आहे. उत्तम कॉम्प्रेशन भरलेल्या गाडीतही हे ठिपके दिसले तर व्यवहार थांबवावा. प्लगच्या छिद्रातून बोरोस्कोप सोडून पिस्टनचा माथा आणि भिंती पाहणे आता अवघड राहिलेले नाही.

नॉकिंगचा संबंध इंधनाशी येतो आणि इंधनाचा संबंध पुन्हा याच जिल्ह्याशी. प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या या जिल्ह्यातील मळीपासून आणि उसाच्या रसापासून बनणारे इथेनॉल आता देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळले जाते. इथेनॉलचे ऑक्टेन मूल्य १०८ च्या घरात असल्याने नॉकिंगला ते विरोधच करते. टर्बोसाठी ही जमेची बाजू आहे. मात्र त्याच्या ज्वलनाला हवेच्या मानाने इंधन अधिक लागते. वीस टक्के मिश्रणाला शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के अधिक इंधन पुरवावे लागते. जुन्या पेट्रोलवर बेतलेले रिमॅपिंग इंजेक्टर आधीच त्यांच्या क्षमतेच्या टोकाशी नेऊन ठेवत असेल, तर ही वाढीव गरज भागत नाही. पूर्ण भारावर मिश्रण विरळ होते, सिलिंडर तापतो आणि ऑक्टेनचा फायदा हातातून जातो. काही वर्षांपूर्वी रिमॅप केलेली गाडी घेताना आज्ञावली कोणत्या इंधनासाठी लिहिली होती, हे म्हणून विचारावे.

डिझेलसाठी वेगळा नियम

टर्बो डिझेल गाड्यांना पेट्रोलचे कोणतेच आकडे लावू नयेत. त्यांचे कॉम्प्रेशन साडेतीनशे ते साडेचारशे पीएसआय असते. पेट्रोलचे गेज त्यावर लावले तर ते मोडेल. गेज ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी बसते. तेलाच्या चमच्याचा प्रयोग डिझेलवर करूच नये. माथ्यावरची जागा इतकी तोकडी असते, की जादा तेलाने पिस्टन अडून रॉड वाकू शकतो, शिवाय दाबाने ते तेल पेट घेऊ शकते. अनेक नव्या गाड्यांत स्टार्टर ओढत असलेल्या विजेच्या चढउतारावरून सिलिंडरांची सापेक्ष ताकद स्कॅनरवर पाहता येते. त्यातून दाबाचा आकडा मिळत नाही, पण चौघांत दुबळा कोण हे काही न खोलता कळते.

कागदावर काय हवे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. नव्या वाहनाचा नमुना रस्त्यावर येण्यापूर्वी ज्या मान्यताप्राप्त संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांच्या केंद्रीय नियमांतील यादीत नगरची व्हीआरडीई आणि पुण्याची एआरएआय आहेत. वैयक्तिक हौसेने बांधलेले इंजिन त्या वाटेने गेलेले नसते. गाडी ज्याच्या नावावर चढते, त्याच्या वाट्याला बदलांची जबाबदारीही येते.

चिठ्ठी स्वीकारताना तिच्यावर प्रत्येक सिलिंडरचा पहिला आणि शेवटचा आकडा, इंजिन तापलेले होते की थंड, थ्रॉटल उघडा होता का, चाचणी कोणत्या गावी व कोणत्या तारखेला झाली आणि त्या वेळी ओडोमीटर किती होता, एवढे लिहून घ्यावे. सोबत लीक-डाउनची टक्केवारी असावी. शक्यतो त्याच गेजने, त्याच गॅरेजात सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. पहिल्या खेपेचे १५७ दुसऱ्या खेपेलाही १५६ वर असेल तर पुस्तिका काहीही म्हणो, इंजिन जागच्या जागी आहे. आणि एखादा सिलिंडर १५७ वरून १४५ वर उतरला असेल, तर तो अजून ‘पास’ असतानाच टर्बोचा वाढवलेला दाब उतरवून घ्यावा.